पाण्यावर ठेवलेली गिटार

त्या शनिवारी डॉक्टर सकाळच्या बसने लातूरहून नांदेडला गेले. दुपारी त्यांनी गिटार वाजवली. बाई चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा गिटार मांडीवर होती आणि डॉक्टरांचा श्वास थांबलेला होता. बाईंच्या मुलाने लातूरला फोन केला. तो मी घेतला, कारण काकू गच्चीवर वाळलेले कपडे काढत होत्या.

काकू म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी. मी त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते आणि लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. डॉक्टर जनावरांचे. मूळचे नांदेडचे, नोकरीत किनवटपासून औशापर्यंत बदल्या झाल्या आणि शेवटी त्यांनी लातूरला घर बांधलं. नांदेडच्या बाई कोण ते पुढे येईल. डॉक्टर स्वतः कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून सांगत नसत. गाय अडली होती इथून सुरू करायचे आणि ती कुणाची, कुठल्या गावची, हे वासरू उभं राहिल्यावर सांगायचे.

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही की पगार विचारला नाही. विचारलं, "सामानात लाकडाचं काय काय हाय?"

मी म्हटलं, "पुस्तकांचं एक कपाट आहे."

"मे महिन्यात पुस्तकांचं काय होतं?"

"खळ वाळते. पाठी सुटतात."

ते काकूंकडे वळून म्हणाले, "ह्यांना द्या खोली. ह्यांना कळंल." काय कळेल ते सांगितलं नाही. काकूंनी किल्ली हातात ठेवत एवढंच म्हटलं, "पंखा कडकड वाजतो, पण पडत न्हाई."

त्यांच्याकडे तेव्हा एक गिटार होती. कलकत्त्याला घडवलेली, आतून पोकळ, पोट आणि पाठ फुगवटा धरलेली. साध्या गिटारीला मधे गोल भोक असतं. हिला त्याऐवजी व्हायोलिनसारख्या दोन वळणदार फटी. तरुणपणी ते नांदेडच्या एका भीमगीतांच्या पार्टीत वाजवत असत. पार्टी मोडली तेव्हा कुणी पेटी नेली, कुणी भोंगे नेले, डॉक्टरांच्या वाट्याला ही आली. तिला ते 'घरची' म्हणत. भीमजयंतीला ती बाहेर निघे, आणि डॉक्टर मंडपात एका कडेला, लोकांकडे पाठ करून वाजवत. समोर माणसं दिसली की आपण बुजतो, असं त्यांचं म्हणणं.

दुसरी गिटार औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. कुठल्याशा परदेशी मासिकातलं चित्र. अमेरिकेतली, जुनी, मोठ्या पोटाची. कडांना काळसर आणि मधे मधाच्या रंगाची. जॅझ वाजवणारे लोक ही वापरतात, असं डॉक्टर सांगत. पण तिच्या कंपनीचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. 'ती' एवढंच म्हणायचे. पोटफुगीचं, जंताचं, तोंडखुरीचं औषध काढायला दार उघडलं की ती दिसायची, आणि मग औषध काढायला वेळ लागायचा.

"माझं नाव चारचौघांत खुशाल घेतात," काकू म्हणायच्या. "तिचं घ्यायला लाजतात."

जॅझ त्यांना किनवटला भेटलं. तिथल्या दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळी शॉर्टवेव्हवर कुठलं तरी स्टेशन लागायचं, खरखर होत होत मधेच स्वच्छ व्हायचं. त्यात एक माणूस एकटाच गिटार वाजवायचा. त्याचं नाव कधी नीट ऐकू आलं नाही. डॉक्टर पुस्तकातून काही शिकले नाहीत, स्वरलिपी त्यांना वाचता येत नव्हती. ते ऐकायचे आणि घरचीवर शोधत बसायचे.

मी एकदा विचारलं होतं, की सिनेमाच्या गाण्यात आणि ह्यात फरक काय. त्यांनी गिटार बाजूला ठेवली.

"सिनेमाचं गाणं म्हंजे जनावर दाव्याला बांधून चारणं. जेवढं दावं तेवढंच गवत. हे सोडून चारणं हाय. जाऊ दे जिकडं जातंय तिकडं. दिवस मावळता घरी आणता आलं पाहिजे मात्र."

"आणि नाही आणता आलं तर?"

"तर काय, शेजारी शिव्या घालतात."

ताल समजावून सांगतानाही त्यांना गायच लागायची. मागे वासरू असलेली गाय सरळ चालत नाही. थांबते, मागे बघते, मग घाईने दोन पावलं टाकते. तसं वाजवायचं. एखादा सूर चुकला तर 'लंगडला' म्हणत आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा बोट ठेवून तो कुठल्या पायाने लंगडतो ते बघत. खाली ते वाजवत असले की मी वर वाचत बसे. सूर शेवटी घरी येईपर्यंत माझं पान उलटत नसे.

लातूर, नांदेड, औसा इथल्या पार्ट्यांमधली पोरं गिटार घ्यायची झाली की त्यांच्याकडे येत. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक फोटो असे, आणि तो दाखवताना प्रत्येकाचा आवाज थोडा खाली जाई. डॉक्टर फोटो शेवटी बघत. आधी विचारत, "घर स्लॅबचं का पत्र्याचं?"

औशाचा एक लग्नात वाजवणारा तरुण असाच पोकळ, मोठ्या पोटाच्या गिटारीचा फोटो घेऊन आला होता. त्याचं घर पत्र्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, "भरीव घे. भरीव लाकूड उन्हाला दम धरतं. ही पत्र्याखाली मे महिना काढायची न्हाई, पोट फाटंल."

"डॉक्टरसाहेब, तुम्ही बघत बसायचं आन् आम्ही बघायचं बी न्हाई का?" तो म्हणाला. राग आला होता त्याला.

"बघ की. मी बी बघतोच हाय एवढी वर्षं. आणायचं म्हंजे ठेवायचं आलं."

तो चहा अर्धा ठेवून गेला. डॉक्टरांनी तो अर्धा चहा पिऊन टाकला आणि म्हणाले, "ह्याच्या जागी मी असतो तर मी बी ऐकलं नसतं."

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाशी नांदेडहून जुन्या पार्टीतल्या मित्राचा फोन आला, की 'ती' नांदेडात आहे. डॉक्टरांनी कपाटाचं दार उघडून चित्राकडे बघितलं आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नांदेडला गेलो. ह्यांना कशाला आणलं, असं काकूंनी बसमध्ये माझ्याकडे बघत विचारलं तेव्हा ते म्हणाले, "शहाणं माणूस संगं असलं की भाव चढत न्हाई."

बाईंचे यजमान रेल्वेत होते. सिकंदराबादला असताना रेल्वेच्या क्लबात वाजवायचे. तिथल्या एका साहेबाने विलायतेला जाताना आपली गिटार त्यांना दिली. निवृत्तीनंतर दोघं नांदेडला आले, गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर राहिले, आणि आता यजमान जाऊन वर्ष झालं होतं. बाईंची भाषा तेलुगू. मराठी बोलताना तिच्यात हैदराबादची हिंदी मिसळायची. मुलाला जागा हवी होती, म्हणून गिटार विकायची होती.

डॉक्टरांनी तिला लगेच हात लावला नाही. आधी लांबून एक चक्कर मारली. मग जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा मानेपासून खालपर्यंत तळहात फिरवला. पोटावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावला. वाकून दोन्ही फटींतून आत फुंकर घातली. पडद्यांच्या पितळी पट्ट्या कुठे झिजल्या ते अंगठ्याने बघितलं. बैलाचे दात बघतात तसे. दुपार सरत आली.

"डॉक्टरसाब," बाई म्हणाल्या, "सकाळपासून बघूनच राहिले. आता काय एक्सरे काढता?"

मग त्यांनी वाजवली. मी तो आवाज ह्याआधी ऐकला नव्हता. घरचीचा आवाज खोलीत पुढे येई; हिचा आवाज आधीपासून खोलीत होता असं वाटे. डॉक्टर बराच वेळ वाजवत होते, ह्या वेळी कुणाकडे पाठ न करता. थांबल्यावर त्यांनी बाईंकडे बघितलं.

"ते असं नव्हते वाजवत," बाई म्हणाल्या.

"कसं वाजवायचे?"

बाईंनी विचार केला. "कमी."

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुन्हा वाजवली, कमी. बाई उठून आत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

व्यवहार जनावरांच्या बाजारात होतो तसाच झाला. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत; रुमालाखाली हात धरून बोटं दाबतात, म्हणजे बघणाऱ्यांना कळत नाही. डॉक्टरांनी खिशातली दस्ती काढली, ती पुरेना, म्हणून टॉवेल मागितला. बाईंच्या मुलाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. टॉवेलाखाली डॉक्टर त्याची बोटं दाबत होते आणि तो आईकडे बघत होता. शेवटी बाईंनीच टॉवेलाखाली हात घातला. त्यांचं माहेर शेतकऱ्याचं. दोघं बराच वेळ गंभीर चेहऱ्याने बसली, मग बाई हसल्या आणि व्यवहार ठरला. किती ठरला ते काकूंनाही कळलं नाही.

बोली अशी, की उन्हाळाभर राहू द्यायचं. जनावर लातूरला रुळलं नाही तर परत. निघताना डॉक्टरांनी गिटारीचा जुना पट्टा सोडून बाईंच्या हातात दिला. जनावर विकलं तरी दावं मालकानं ठेवायचं असतं. आपला पट्टा त्यांनी घरून आणला होता.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले नाहीत. खिडकीशी गिटार होती.

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी नव्हतं. नळ कोरडे पडून बरेच दिवस झाले होते, टँकर येईल तेव्हा गल्ली घागरी घेऊन उभी राही. कूलर बंद होते. हवा अशी कोरडी, की माझ्या वाचनालयात पुस्तकं उघडताना पाठीतून आवाज यायचा. पोकळ गिटारीचं लाकूड पातळ असतं. अशा हवेत ते आवळतं आणि जोड सुटतात. डॉक्टरांनी साबणाच्या डबीला भोकं पाडली, आत ओला स्पंज ठेवला आणि ती डबी गिटारीच्या पेटीत ठेवली. दाराला ओलं गोणपाट लावलं. सगळं मिळून तांब्याभर पाणी रोज. टँकर आला की तो तांब्या आधी भरायचा, मग माणसांचं.

"बांधलेल्या जिवाला आधी," ते म्हणायचे. "आपण उठून पाण्यावर जाऊ शकतो. ती न्हाई जाऊ शकत."

गल्लीला कळायला वेळ लागला नाही. समोरच्या वहिनी टँकरच्या रांगेत मोठ्याने म्हणाल्या, "आमच्यात पाहुणा आला तर आम्ही अर्धा ग्लास विचारून राहिलो, आन् ह्यांच्यात गिटार पाणी पिऊन राहिली."

रांग हसली.  वहिनींची घागर भरली तेव्हा डॉक्टरांनी ती उचलून त्यांच्या दारापर्यंत नेऊन दिली. पण घरी आल्यावर म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं." त्या दिवसापासून तांब्या बंद झाला. गोणपाट वाळून दाराला पापडासारखं कडक झालं.

काकू तोपर्यंत ह्या प्रकाराला सगळ्यांत जास्त बोलत असत. कढीपत्त्याचं झाड वाळलं ते ह्या बयेमुळं, हे त्या मला जिन्यात रोज ऐकवायच्या.

काही दिवसांनी डॉक्टर पेटी उघडून मला बोलवायला वर आले. स्पंज ओला होता. "तुम्ही केलं का?" त्यांनी विचारलं. मी नव्हतं केलं. आम्ही खाली गेलो. काकू भाकरी थापत होत्या.

"स्पंजाला पाणी कुठलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"असंल कुठलं तरी."

"कुठलं?"

काकूंनी भाकरी तव्यावर टाकली. "दुपारचं मी पीत न्हाई. तहान लागत न्हाई मला दुपारी."

त्यांचे ओठ फुटलेले होते. ते आम्हाला दोघांनाही इतके दिवस दिसत होते, आणि उन्हाळ्यात सगळ्यांचेच फुटतात म्हणून दिसत नव्हते. डॉक्टर चुलीपाशी पाटावर बसले.  भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा काकूंनीच म्हटलं, "एवढं काय झालं त्यात. एवढी वर्षं फोटो बघितला, आता घरात आल्यावर मारायची का तिला?"

डॉक्टर उठून खोलीत गेले. गिटार पेटीतून काढून उजेडात धरली. पोटाच्या मधल्या जोडावर केसाएवढी फट दिसत होती. त्यांनी त्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "उद्या नांदेडला जाऊ."

दुष्काळात आमच्याकडे लोक जनावरं पाण्याच्या गावी, पाहुण्यांकडे पाठवतात. किनवटला, औशाला असताना डॉक्टरांनीच कितीतरी शेतकऱ्यांना तो सल्ला दिला होता, आणि त्यांच्याकडून, साहेब, डोळ्याआड जनावर कसं ठेवू, हे ऐकून घेतलं होतं. विष्णुपुरीच्या धरणामुळे नांदेडला पाणी होतं. बाईंचं घर नदीकाठचं. आम्ही पेटी भिजवलेल्या चादरीत गुंडाळून बसमध्ये चढवली. अहमदपूरच्या पुढे कंडक्टरने विचारलं, "ह्याच्यात काय हाय?"

"पेशंट," डॉक्टर म्हणाले.

कंडक्टरने पेटीकडे आणि त्यांच्याकडे बघितलं, आणि पुढचं तिकीट फाडलं.

बाईंनी दार उघडलं. "व्यवहार मोडला?"

"न्हाई मोडला. माझीच हाय. राहील तुमच्याकडं. आमच्यात पाणी न्हाई."

बाई मुलाकडे वळून तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. त्याने कोपऱ्यातलं टेबल बाहेर काढलं आणि जागा केली. डॉक्टरांनी त्या दिवशी तिथेच सरस लावून फट बुजवली आणि गिटारीला खाटेची नवार घट्ट गुंडाळून ठेवली. टाके घातले, म्हणाले. पुढच्या शनिवारी नवार सोडायला जायचं होतं. गेले. त्याच्या पुढच्या शनिवारीही गेले.

नंतर लातूरला पाणी आलं. काकूंनी घर सारवून घ्यावं तसं आवरलं, औषधांचं कपाट सरकवून भिंतीशी जागा केली, आणि म्हणाल्या, "आता आणा तिला." डॉक्टर नाही म्हणाले. काकूंनी पुन्हा म्हटलं. माझ्याकरवी म्हणवलं. बाईंच्या मुलालाही जागा अडल्याचं सांग म्हणाल्या. त्याने सांगितलं नाही.

"यंदा आलं पाणी," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या साली टँकर लागला तर ह्या पुन्हा दुपारचं पिणार न्हाईत. मला ठाऊक हाय."

कपाटाच्या दारावरचं चित्र मात्र त्यांनी काढलं. औषधं आता लवकर सापडायची.

दर शनिवारी ते नांदेडला जात. दुपारभर वाजवत, बाई दाराशी बसून भाजी निवडत. कधीकधी त्या "जास्ती झालं" म्हणत आणि डॉक्टर कमी करत. मी एकदा सोबत गेले होते. बराच वेळ एकही सूर आला नाही, आणि दोघांपैकी कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मग एक आला. येताना बसमध्ये मी म्हटलं, "आपली असून दुसऱ्याच्या घरी जाऊन वाजवायची, वाईट वाटत नाही?"

लोहा गाव मागे पडलं. तेव्हा ते म्हणाले, "जनावराच्या डॉक्टरला सवय असती. मालक दुसराच असतो."

मला ते पटलं नव्हतं. त्यांनाही पटलं असेल असं वाटत नाही. ते दर शनिवारी बस स्थानकावरून घरी येताना वाकून चालत, आणि रविवारी घरचीला हात लावत नसत.

डॉक्टर गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांचा मुलगा पुण्याहून आला. वाईट मुलगा नाही. सगळं झाल्यावर म्हणाला, "आई, गिटार मी नेतो. पुण्याची हवा बरी आहे, तिला काही होणार नाही."

काकूंनी विचारलं, "वाजवशील?"

"मला कुठे येतं. हॉलमध्ये लावू. बाबांची आठवण."

काकू थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या क्षणी त्या हो म्हणतील असं मला वाटलं. नांदेडला बाई थकल्या आहेत, त्यांच्या मुलाची बदली कधीही होईल, आणि इकडे आपल्या पोटच्या मुलाने मागितलं होतं.

"घरची ने," काकू म्हणाल्या. "तिला सगळीकडं राहायची सवय हाय. 'ती' राहू दे नांदेडलाच."

त्याने घरची नेली. नीट, गोधडीत गुंडाळून.

महिन्यातून दोनदा काकू आणि मी नांदेडला जातो. बाई पेटी उघडून दाखवतात. जोड घट्ट आहे, तारांना थोडा गंज चढला आहे. बाईंनंतर काय, हे आम्ही अजून बोललेलो नाही. चहा होतो, काकू आणि बाई एकमेकींना आपापल्या गुडघ्यांचं सांगतात, आणि आम्ही चारच्या बसने परत येतो.

गिटार नांदेडला आहे. आम्हा तिघींपैकी कुणालाच ती वाजवता येत नाही.